लढणारी कासवे आणि रविवारचा मराठी वर्ग : एका जुन्या कार्टून मालिकेच्या वापराचे प्रकरण

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या मध्य भागातील एका शहरात दर रविवारी सकाळी दीड तास भरणाऱ्या मराठी वर्गात हे प्रकरण घडले. वर्ग भाड्याच्या सभागृहात भरतो, शिकवणारे सर्व जण स्वयंसेवक आहेत आणि त्यांपैकी मी एक होतो. व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून शहराचे, वर्गाचे व कुटुंबांचे नाव येथे दिलेले नाही.

आमच्या गटात 7 ते 10 वर्षांची 11 मुले होती. या मुलांना मराठी कळत नव्हते असे नाही. आई मराठीत बोले आणि मूल इंग्रजीत उत्तर देई. भारतातल्या आजीशी फोनवर बोलताना ‘हो’, ‘नाही’ आणि ‘जेवले’ एवढ्या तीन शब्दांवर त्यांचे भागत असे. वर्गात बाराखडी झाली, गोष्टींची पुस्तके झाली, गाणी झाली, पण मुलांनी आपणहून पूर्ण वाक्य बोलावे असे काही घडत नव्हते. तेव्हा एका मुलाच्या वडिलांनी एक खोके आणले. हे गृहस्थ इंग्लंडमध्येच लहानाचे मोठे झाले होते आणि 1990 च्या सुमारास शाळेतून घरी येऊन ‘टीनेज म्यूटंट निन्जा टर्टल्स’ ही माणसांसारख्या बोलणाऱ्या आणि लढणाऱ्या चार कासवांची कार्टून मालिका पाहत असत. खोक्यात त्याच मालिकेच्या डीव्हीडी होत्या, त्याही अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मागवलेल्या, म्हणजे मूळ अमेरिकी रूपातल्या. त्यांची कल्पना साधी होती : आवाज बंद करायचा, चित्र चालू ठेवायचे आणि मुलांनी पात्रांच्या तोंडी मराठी संवाद घालायचे.

मालिकेविषयी आवश्यक तेवढे

केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या दोन अमेरिकी चित्रकारांनी 1984 मध्ये स्वखर्चाने काढलेल्या कृष्णधवल कॉमिकमधून ही कासवे जन्माला आली. ते कॉमिक काळ्या विनोदाचे, रक्तपात असलेले आणि मोठ्यांसाठीचे होते. त्याच्या रंगीत मुखपृष्ठांवर चारही कासवांच्या डोळ्यांवरच्या पट्ट्या लाल होत्या आणि श्रेडर हा खलनायक पहिल्याच अंकात मारला गेला होता. खेळणी बनवणाऱ्या प्लेमेट्स कंपनीने या कासवांच्या बाहुल्या काढण्याचे ठरवले तेव्हा बाहुल्या विकल्या जाव्यात म्हणून आधी मालिका हवी होती. डिसेंबर 1987 मध्ये मालिकेचे पहिले पाच भाग दाखवले गेले आणि 1996 मध्ये ती संपली तोवर तिचे दहा हंगाम आणि 193 भाग झाले होते.

लहान मुलांच्या दूरचित्रवाणीसाठी मूळ कथेत जे बदल झाले, त्यांतच मालिकेची बरीचशी बलस्थाने आणि बरेचसे दोष दडलेले आहेत. पट्ट्यांना निरनिराळे रंग मिळाले : लिओनार्डोला निळा, डोनाटेलोला जांभळा, मायकेलअँजेलोला नारिंगी, आणि लाल एकट्या राफाएलला. प्रत्येकाचा स्वभावही ठळक झाला. पुढारी, यंत्रांचा वेडा, पिझ्झ्यासाठी जीव टाकणारा आणि तिरकस बोलणारा अशी चार भावंडे पाच मिनिटांत ओळखू येऊ लागली. मेलेला श्रेडर जिवंत राहिला आणि त्याच्या जोडीला क्रँग नावाचा, शरीर गमावलेला मेंदू आला. प्रयोगशाळेत काम करणारी एप्रिल ओ’नील पिवळ्या पोशाखातली वार्ताहर झाली. सर्वांत महत्त्वाचा बदल शत्रूच्या सैनिकांत झाला. कॉमिकमधले माणसांचे सैन्य मालिकेत यंत्रमानवांचे झाले, कारण तलवारीने माणूस कापणे मुलांच्या कार्यक्रमात चालणारे नव्हते आणि यंत्र कापणे चालणारे होते.

मालिकेच्या दर्जातील चढउताराचे कारण भागांच्या आकड्यांत दिसते. पहिल्या हंगामात पाच भाग, दुसऱ्यात 13 आणि तिसऱ्यात एकदम 47, म्हणजे एकूण 65. अमेरिकेत आठवड्याचे पाच दिवस रोज एक भाग दाखवायचा झाल्यास 13 आठवड्यांना 65 भाग लागतात, आणि तो साठा जमवण्यासाठीच ही घाई झाली. पहिल्या पाच भागांचे चित्रण नेटके आहे. पुढे मात्र डोळ्यांवरच्या पट्टीचा रंग एका कासवाचा आणि आवाज दुसऱ्याचा, एका चित्रात हातात असलेले शस्त्र पुढच्या चित्रात गायब, असे प्रमाद वारंवार आढळतात. कथानकही साच्यातले होत गेले : श्रेडरला नवे यंत्र मिळते, एप्रिल पकडली जाते, कासवे तिला सोडवतात, श्रेडर पळतो आणि क्रँगची बोलणी खातो.

पहिले चार रविवार

उपक्रमाची सुरुवात आमच्या अपेक्षेपेक्षा चांगली झाली. कासव हा शब्द नपुंसकलिंगी असल्यामुळे ‘लिओनार्डो आला’ की ‘लिओनार्डो आलं’ यावर पहिल्याच रविवारी दोन मुलींचा वाद झाला. व्याकरणाचा तास म्हणून हाच प्रश्न विचारला असता तर एकही हात वर झाला नसता. शेवटी नावाने बोलावले तर ‘आला’ आणि ‘ते कासव’ म्हटले तर ‘आलं’ असा तोडगा मुलांनीच काढला, आणि तो बरोबर होता. स्प्लिंटर या गुरूबाबत तोडगा निघाला नाही. त्याला उंदीर म्हणावे तर तो माणसाएवढा आणि घूस म्हणावे तर शब्द स्त्रीलिंगी. अखेर त्याचे ‘गुरुजी’ असे नामकरण झाले आणि त्यांना ‘तुम्ही’ म्हणायचे ठरले. आईवडिलांनाही ‘तू’ म्हणणाऱ्या या मुलांना आदरार्थी क्रियापदे वापरण्याची खरी गरज तेव्हा पहिल्यांदा पडली असावी.

साचेबंद कथानकाचाही उपयोग झाला. तिसऱ्या रविवारपर्यंत पुढे काय होणार हे मुलांना आधीच कळू लागले होते. त्यामुळे चित्र थांबवून ‘आता काय होईल?’ असे विचारले की ‘एप्रिलला पकडतील’, ‘मग ते पाइपमधून जातील’, ‘मग श्रेडर ओरडेल’ अशी भविष्यकाळी वाक्ये झरझर येत. पाहणाऱ्याला जी पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटते ती भाषा शिकणाऱ्याला हात धरायला मिळालेला कठडा असते. ही गोष्ट आमच्या ध्यानात आली, परंतु तिचा पुरता अर्थ तेव्हा आम्ही लावला नाही.

एक अडचण मात्र पहिल्या दिवसापासून होती. गटात पाच मुली होत्या आणि मालिकेच्या मुख्य पात्रांत स्त्री एकच, तीही बहुतेक वेळा खांबाला बांधलेली. एप्रिल धीट आहे आणि बातमीच्या मागे कुठेही जाते, हे तिच्या बाजूने सांगता येते. तरीही तिचे धैर्य कथेला तिच्या सुटकेपुरतेच हवे असते. आवाज कोणीही कोणाचा द्यावा असे आम्ही जाहीर केले आणि पहिल्याच फेरीत श्रेडरचे काम आठ वर्षांच्या एका मुलीने पटकावले. तिच्याइतका खुनशी श्रेडर पुढे कोणालाच जमला नाही.

समस्या

पाचव्या रविवारी मधल्या सुट्टीत नऊ वर्षांच्या एका मुलाने उडी मारायच्या दोरीच्या दोन्ही लाकडी मुठी एकत्र धरल्या, दोरी दुमडली आणि ती डोक्याभोवती गरगर फिरवायला सुरुवात केली. मायकेलअँजेलोचे नंचाकू, म्हणजे साखळीने जोडलेले दोन दांडके, तो फिरवत होता. एक मूठ सुटली आणि जवळून जाणाऱ्या सात वर्षांच्या मुलीच्या भुवईवर लागली. जखम उथळ होती आणि टाके पडले नाहीत, पण रक्त आले आणि रडारड झाली. त्या वेळी दोन्ही स्वयंसेवक आत चहाची व्यवस्था पाहत होते, बाहेर एकही मोठे माणूस नव्हते.

मुलाला विचारले तेव्हा ‘तिला लागेल असं वाटलंच नाही’ एवढेच तो म्हणाला. हे उत्तर त्या वयाच्या कोणत्याही मुलाचे असू शकते, म्हणून त्यावर फार मोठा निष्कर्ष उभारण्याची माझी तयारी नाही. तरीही त्याने पाच आठवड्यांत जे पाहिले होते त्यात खरोखरच कोणालाही लागत नव्हते. यंत्रमानव तुटत, ठिणग्या उडत आणि पुढच्या प्रसंगात नवे यंत्रमानव येत. माणसांना जखम दाखवायची नाही हा नियम मुलांना जपण्यासाठी केला गेला आणि त्याचा एक परिणाम असा झाला की मार आणि वेदना यांचा संबंधच पडद्यावरून पुसला गेला. मालिकेतला माझ्या मते सर्वांत गंभीर दोष हा आहे, आणि तो सौम्यपणाच्या वेषात असल्यामुळे आम्हाला आधी दिसला नाही.

त्याच संध्याकाळी मुलीच्या आईने लेखी तक्रार केली. तिची भाषा संयमाची होती आणि प्रश्न दोनच होते : मधल्या सुट्टीत लक्ष ठेवायला कोण होते, आणि मराठी शिकवण्यासाठी मारामारीचे कार्टून का लागते? पहिल्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्याला उत्तर आहे असे आम्हाला वाटत होते, पण ते द्यायला बसल्यावर शब्द सापडेनात.

विचारात घेतलेले पर्याय

पुढील दोन रविवार उपक्रम थांबवून स्वयंसेवक आणि पालकांची बैठक घेतली. चार मार्ग समोर आले.

पहिला मार्ग मालिका पूर्ण बंद करण्याचा होता. तो सोपा होता, तक्रार करणाऱ्या आईचा मान राखणारा होता, आणि मुख्य शिक्षिकांचा सुरुवातीचा कल त्याकडेच होता. त्याच्या विरोधातला मुद्दा एवढाच की मुले प्रथमच बोलू लागली होती.

दुसरा मार्ग मालिका बदलण्याचा होता. लहानपण ठाण्यात गेलेल्या एका आईने ‘स्वॅट कॅट्स’चे नाव सुचवले. 1995 मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आल्यानंतर केबल असलेल्या घरांतल्या मुलांनी जेट विमान उडवणाऱ्या त्या दोन मांजरांना डोक्यावर घेतले होते. त्यातली हिंसा क्षेपणास्त्रांची आहे आणि उडी मारायच्या दोरीपासून क्षेपणास्त्र बनवता येत नाही, हा तिचा युक्तिवाद बैठकीत हशा पिकवून गेला, पण तो चुकीचा नव्हता. अनुकरणाचा धोका हिंसेच्या प्रमाणापेक्षा हाताशी असलेल्या साधनांवर अधिक अवलंबून असतो. तिने एक भाग आणून दाखवला. चित्रण कासवांपेक्षा उजवे निघाले, मात्र संवाद बहुतेक विमानाच्या आत बसून दिलेल्या सूचनांचे होते. ‘हे सोड’, ‘ते दाब’, ‘डावीकडे वळ’ याच्या पलीकडे मुलांना बोलायला फारसे काही नव्हते.

तिसरा मार्ग मारामारीचे प्रसंग कापण्याचा होता आणि त्यावरची चर्चा सर्वांत लांबली, कारण ज्या देशात आम्ही बसलो होतो त्या देशाने हाच मार्ग एकदा चोखाळला होता. ब्रिटनमध्ये ही मालिका 1990 मध्ये आली ती नाव बदलून. ‘निन्जा’ हा शब्द मुलांसाठी अयोग्य मानला गेला आणि त्या जागी ‘हीरो’ आला. नंचाकूची दृश्ये कापली गेली. चित्रपट प्रमाणन मंडळाचे तत्कालीन संचालक जेम्स फर्मन यांचा या शस्त्राला विशेष विरोध होता, कारण ते घरी बनवता येते आणि मुले त्याची नक्कल करतील अशी त्यांची धास्ती होती. ही सक्ती इतकी काटेकोर होती की 1991 च्या दुसऱ्या कासवपटात मायकेलअँजेलो सॉसेजची माळ नंचाकूसारखी फिरवतो तो विनोदी प्रसंगही ब्रिटिश प्रतीतून गेला. पुढे अमेरिकेतल्या मालिकेतही नंचाकू जवळजवळ नाहीसे होऊन मायकेलअँजेलोच्या हाती दोरीचा आकडा आला.

त्या बैठकीआधी मला ही सारी हकीकत हास्यास्पद वाटत असे. भुवईवरचे रक्त पाहिल्यावर फर्मन यांची भीती निराधार नव्हती हे मान्य करावे लागले. आमच्या वर्गात घडले ते तिचे नमुनेदार उदाहरणच होते. तरी त्यांचा उपाय पुरेसा होता का, हा वेगळा प्रश्न आहे. खोके आणणाऱ्या वडिलांनी ती कापलेली मालिका लहानपणी पाहिली होती. त्यांच्या सांगण्यानुसार चित्र मध्येच उडी मारी, मायकेलअँजेलो रिकाम्या हातांनी उभा दिसे आणि समोरचे शत्रू आपोआप पडलेले असत. तिथे काहीतरी लपवले आहे हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होते. तलवारी, लाठी आणि काटेरी खंजीर मात्र न कापता दाखवले जात. अनुकरण होऊ शकणारी एक वस्तू काढली गेली आणि फटका बसल्यावर दुखत नाही हा मूळ खोटेपणा तसाच राहिला. शिवाय आमच्यापुढे व्यावहारिक अडचण होती : पहिल्या पाच भागांतून मारामारी काढली तर उरणाऱ्या कथेला सांधाच राहत नव्हता.

चौथा मार्ग प्रसंग निवडण्याचा होता. तो तिसऱ्यासारखाच भासतो, परंतु त्याची सुरुवात उलट बाजूने होते. काय काढायचे असे न विचारता आपल्याला काय हवे आहे असे विचारायचे. आम्हाला बोलणे हवे होते. म्हणून आम्ही तिघांनी पुढचे बरेच भाग बसून पाहिले आणि कुठे किती बोलले जाते एवढेच टिपले.

निर्णय आणि कृती

या टिपणातून जे हाती आले ते आम्हाला अनपेक्षित होते. आम्ही पहिले पाच भाग दाखवले होते, कारण ते सर्वांत चांगले आहेत असे सगळेच मानतात; चित्रण उत्तम आणि कथा सलग. पण त्यांची गती कृतीवर आहे. मुले त्यात बोलत ती ‘पकड’, ‘मार’, ‘पळ’, ‘वाचवा’, म्हणजे केवळ आज्ञार्थ. घाईत काढलेल्या तिसऱ्या हंगामातले भाग मात्र बोलके निघाले. उभी असलेली पात्रे काढायला हलणाऱ्या पात्रांपेक्षा कमी कष्ट लागतात, आणि म्हणूनच असेल कदाचित, पण तिथे पात्रे उभी राहून भांडतात, कुरकुरतात, सबबी सांगतात. श्रेडर आणि क्रँग यांचे भांडण तर चाळीस वर्षांच्या संसारातल्या नवराबायकोचे शोभावे असे आहे. ‘मी तुला सांगितलं होतं’, ‘तू माझं ऐकलं असतंस तर’, ‘दरवेळी माझ्यावरच का ढकलतोस?’ अशी वाक्ये त्या प्रसंगांत जणू मागून घेतली जातात. संकेतार्थाचे इतके नैसर्गिक निमित्त आमच्या एकाही पुस्तकात नव्हते. कलाकृती म्हणून दुबळे असलेले भाग आमच्या कामाला अधिक उपयोगी ठरत होते.

बैठकीने चौथा मार्ग स्वीकारला. दोन-तीन मिनिटांचे सहा प्रसंग निवडले : श्रेडर-क्रँगची दोन भांडणे, पिझ्झ्यावर काय घालायचे यावरचा वाद, एप्रिल आणि तिचा वरिष्ठ यांच्यातली खडाजंगी, गुरुजींचा उपदेश आणि बीबॉप व रॉकस्टेडी या रानडुक्कर-गेंड्याच्या जोडीने घातलेला एक घोळ. सातवा प्रसंग मारामारीचा मुद्दाम ठेवला आणि तो आवाजासह दाखवून ‘इथे माणूस असता तर त्याचं काय झालं असतं?’ असा प्रश्न विचारायचे ठरले. मुलीच्या आईला हा आराखडा आधी दाखवला. मालिका तिला तरीही आवडली नाही, पण मुलीला पाठवायला ती तयार झाली. ज्या मुलाकडून लागले होते तो आईवडिलांसह त्यांच्या घरी जाऊन आला. मधल्या सुट्टीत दोन मोठी माणसे बाहेर थांबू लागली आणि दोरी कपाटात गेली. वास्तविक या शेवटच्या दोन गोष्टींसाठी बैठकीची गरज नव्हती.

बोलीचा प्रश्न

नवे धोरण सुरू झाल्यावर एक तिढा असा उभा राहिला की ज्याचा मालिकेतल्या हिंसेशी काहीच संबंध नव्हता. बीबॉप आणि रॉकस्टेडी हे मूळचे रस्त्यावरचे टोळभैरव आणि मालिकेतले ठरलेले मूर्ख. त्यांची बोलण्याची ढब इतरांपेक्षा वेगळी आहे, तेव्हा मराठीतही वेगळी हवी, असे माझे मत पडले. एका मुलाची आजी सिंधुदुर्गातून सहा महिन्यांसाठी आली होती आणि नातवाबरोबर वर्गाला येऊन बसत असे. मी तिच्याकडून थोडी मालवणी वाक्ये लिहून घेतली. ‘खंय चललंस रे?’ आणि ‘माका काय ठाऊक नाय’ म्हणताना मुले खुशीत आली, सभागृहात हसण्याची लाट उठली, आणि मी स्वतःवर प्रसन्न झालो.

तास संपल्यावर आजी माझ्याजवळ आल्या. त्यांनी अत्यंत शांतपणे विचारले, की आमच्या बोलीत बोलणारे ते दोघेच तेवढे मूर्ख का, आणि शहाणे सगळे पुस्तकातले का बोलतात? मला उत्तर सुचले नाही. वाक्ये मागताना ती कोणाच्या तोंडी जाणार हे मी त्यांना सांगितलेच नव्हते. मराठी नाटक-सिनेमात गडीमाणसाच्या तोंडी गावाकडची बोली घालण्याची जी जुनी सवय आहे ती मी काहीही विचार न करता इथे आणली होती. तीही अशा मुलांपुढे, ज्यांना प्रमाण मराठी आणि मालवणी यांच्यातल्या उतरंडीचा पत्ताही नव्हता. ती उतरंड आम्हीच त्यांना शिकवत होतो.

यावर दोन पर्याय होते. बोली अजिबात न वापरणे हा एक. त्यात आजींचा मुद्दा सुटत नव्हता, उलट त्यांची भाषा वर्गातूनच बाहेर जात होती. आम्ही दुसरा निवडला आणि मालवणी राफाएलला दिली. मूळ कॉमिकमध्ये तापट असलेला हा राफाएल मालिकेत हजरजबाबी आणि तिरकस झाला आहे, प्रसंगी प्रेक्षकांकडे वळून टोमणा मारतो. त्या टोमण्यांना मालवणी इतकी चपखल बसली की जणू मूळ संहिताच मालवणी असावी. आजींनी त्यानंतर त्याचे संवाद स्वतः लिहून द्यायला सुरुवात केली आणि माझे दोन संवाद ‘पाणचट’ म्हणून खोडले. बीबॉप-रॉकस्टेडी प्रमाण मराठीत मूर्खपणा करू लागले. ते अधिक विनोदी झाले, कारण शुद्ध वाक्यात केलेला मूर्खपणा अधिक उठून दिसतो.

परिणाम

उपक्रम पुढे 14 रविवार चालला. आम्ही कोणतीही चाचणी घेतली नव्हती, त्यामुळे मुलांची प्रगती अमुक इतकी झाली असे सांगता येत नाही. जे डोळ्यांना दिसले तेवढेच नोंदवतो. मुलांची वाक्ये लांबली. ‘असतं तर’ हा प्रयोग काही मुलांच्या बोलण्यात वर्गाबाहेरही येऊ लागला. ‘तू लवकर उठली असतीस तर उशीर झाला नसता’ असे मुलाने आपल्यालाच सुनावल्याचे एका आईने निम्म्या तक्रारीच्या आणि निम्म्या कौतुकाच्या सुरात कळवले. दोन मुले मध्येच वर्ग सोडून गेली, त्यांपैकी एकाच्या फुटबॉलची वेळ रविवारीच आली होती आणि दुसऱ्याचे कारण आम्हाला कळले नाही. लागलेली मुलगी तिसऱ्या आठवड्यात परत आली. पण कपाट उघडताना दोरी दिसली की ती दाराशी थांबत असे, आणि हे अखेरपर्यंत तसेच राहिले.

सातवा, मारामारीचा प्रसंग फसला. ‘माणूस असता तर काय झालं असतं?’ या प्रश्नाचे अपेक्षित उत्तर मुलांना आमच्या चेहऱ्यावरूनच कळले आणि त्यांनी ते एका सुरात देऊन टाकले. वर्षअखेरीच्या कार्यक्रमात मालिकेचे चित्रण दाखवण्याचा हक्क आमच्याकडे नव्हता, म्हणून मुलांनी घोरपड, मुंगूस, साळिंदर आणि खवले मांजर अशी स्वतःची चौकडी उभी केली व कागदी मुखवटे घालून दहा मिनिटांचे नाटुकले केले. त्यात खलनायकाला साळिंदराचे काटे टोचतात आणि तो पुढची चार मिनिटे विव्हळत राहतो. ही सूचना आमच्यापैकी कोणाचीही नव्हती. ज्याच्या हातून दोरी सुटली होती त्याच मुलाने विव्हळण्याचे काम मागून घेतले आणि गरजेपेक्षा बरेच जास्त विव्हळला.

वेगळे काय करता आले असते

मालिका वर्गात आणण्याआधी ती मोठ्यांनी संपूर्ण पाहायला हवी होती. आम्ही आठवणीवर विसंबलो, आणि लहानपणी आवडलेल्या मालिकेची आठवण विनोद आणि पिझ्झा तेवढा जपून ठेवते. भाग निवडताना उत्तम कोणते हा निकष लावण्याऐवजी आपल्या कामाचे कोणते हा निकष पहिल्या दिवशी लावला असता तर पाच आठवडे वाचले असते, आणि कदाचित ती दोरीही कोणी तशी फिरवली नसती. याची खात्री मात्र देता येत नाही. नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात दोरी देऊन त्याला एकटे सोडले तर तो ती फिरवणारच, कासवे पाहिलेली असोत वा नसोत. तक्रारीनंतरच्या चर्चेत आम्ही मालिकेच्या गुणदोषांवर दोन तास बोललो आणि मधल्या सुट्टीच्या देखरेखीवर दहा मिनिटे. हे प्रमाण उलट असायला हवे होते, असे आज वाटते.

संवादासाठी आजींची भाषा घेताना ती कुठे वापरणार हे त्यांना आधी सांगणे हा साधा शिष्टाचार होता, आणि तो पाळला असता तर मूर्खांना मालवणी देण्याची चूक त्यांनी तिथल्या तिथे थांबवली असती. एप्रिलच्या बाबतीतही आम्ही आवाजांची अदलाबदल करून वेळ मारून नेली. तिला सोडवण्याचे प्रसंग मुलींनी नव्याने लिहावेत ही सूचना एका पालकाने केली होती, ती वेळेअभावी राहून गेली.

पुढच्या वर्षीच्या गटाला हीच मालिका दाखवावी का, यावर स्वयंसेवकांत एकमत झाले नाही. मुख्य शिक्षिकांना चौकडीचे नाटुकले पुढे वाढवायचे आहे आणि खोके आणणाऱ्या वडिलांना तिसऱ्या हंगामातले आणखी चार प्रसंग सापडले आहेत. खोके तूर्त कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे आणि दोरी तिथून हलवली आहे.